गाडीने आलीस की चालत

कचराळी तलावापासून भास्कर कॉलनीपर्यंत
चालत अठरा मिनिटं.
गाडीने सात,
आणि मग जागा शोधायला पंचवीस, कधी चाळीस.
एकदा तर जागा शोधत शोधत
मी परत आमच्याच गेटपाशी आले होते,
शेजारच्या सीटवर बिरड्याचा डबा
पट्टा लावून बसलेला.

तरी मी गाडीच काढायचे.
'ताम्हाणे मोटर ट्रेनिंग',
अर्ध्या नौपाड्याला ज्यांनी रिव्हर्स शिकवला
त्यांची मुलगी
फुटपाथवरच्या कुंड्या, शहाळी, जनरेटर चुकवत
पिशवी सांभाळत चालणार?
लोक म्हणतील, घरच्या घरी नापास.

भाऊ आता पडून असतात.
मार्चमध्ये उजवी बाजू गेली.
जीभ जरा वळायला लागल्यावर म्हणाले,
ब्रेक गेला. क्लच आहे अजून.
तेव्हापासून दार वाजलं की पहिला प्रश्न:
गाडीने आलीस की चालत?

गाडीने, म्हटलं
की मान भिंतीकडे.
खरंच, गाडीने येणाऱ्याकडे
सांगण्यासारखं असतं काय?
सिग्नल लाल होता.
मग हिरवा झाला.

चालत, म्हटलं
की उशी उंच करायला लावतात.
मग सगळं क्रमाने हवं असतं,
मधलं गाळलेलं चालत नाही.

तलावाच्या कट्ट्यावर चौघे होते?
तिघे होते.
कोण नव्हतं?
टोपीवाले.
जरा वेळ पंख्याकडे बघतात.
पुढे.

पुढे तो खड्डा,
ज्यात कुणीतरी फांदी रोवलीय लाल फडकं बांधून.
गाडीतून फांदी दिसते.
चालताना दिसतं की तिला पालवी फुटलीय.
भाऊ अर्ध्या तोंडाने हसतात,
हसू उजवीकडे पोचेपर्यंत मी थांबते.

पुढे बुटाला डॉक्टरांची फियाट,
तुमचीच विद्यार्थिनी म्हणायची ती,
ताडपत्रीखाली. टपावर मांजरीने पिल्लं घातलीत.
किती?
तीन. एक पिवळं.
इस्त्रीवाल्याची मुलगी दहावीला चौऱ्याऐंशी टक्के,
त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला,
तुमचा वेगळा, हा बघा, कागदात.

मग हरिनिवासचा चौक येतो.
इथे मी हळू होते.
भाऊ, मी निघालेय ओलांडायला,
उजवीकडून बस,
तिच्या आडून एक बाइक,
त्याचा फोन खांद्याकानात दाबलेला,
आणि मी अर्ध्यात.

चादर हलते.
डावा पाय. क्लच पार तळापर्यंत.
उजवा हलत नाही.
बाजूच्या सीटवर बसून तेहेतीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुका ज्या पायाने थांबवल्या,
तो नुसता आहे,
आणि त्याच्या वाटचं सगळं
कपाळावरच्या शिरेत उतरलेलं.

गेली बस, भाऊ.
ओलांडला मी.
ही बघा, इथे आहे.

श्वास सोडतात.
हळूहळू क्लचही,
जसा सोडायला शिकवायचे,
अंडं ठेवावं तसा.

परवा शुक्रवारी उशीर झाला, गाडी काढली.
नेमकी दोन इमारती अलीकडे जागाही मिळाली.
गाडीने आलीस की चालत?
चालत, म्हणाले मी.

आणि सांगत सुटले.
कट्ट्यावर आज चौघे, टोपीवाले परतलेत,
गावाला गेले होते म्हणे.
फांदी आता कमरेएवढी.
पिल्लांचे डोळे उघडले, पिवळ्याचे आधी.
हरिनिवासला बस आणली, बाइक आणली,
एक टेम्पोही घातला जास्तीचा,
स्वतःला मधोमध उभं केलं
आणि चादरीकडे बघत राहिले.

चादर हलली नाही.

सगळं ऐकून झाल्यावर
भाऊंनी उशी खाली करायला सांगितली.
डोळे मिटता मिटता म्हणाले,
हँडब्रेक ओढलास ना?
उतार आहे तिथे.